पौषातलं देवबाग: एकादशी ते प्रतिपदा

देवबागला हिवाळ्यात जायचं तर कॅलेंडरवरचे लाल रविवार बाजूला ठेवावेत आणि तिथी पाहावी. मालवणच्या दक्षिणेला, अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्या मधोमध ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे. दोन्ही अंगांना पाणी असल्यामुळे गावात कोणतं काम कधी करायचं हे भरती-ओहोटी ठरवते, आणि त्यानंतर वारा. पावसाळ्यात बंद पडणारं सगळं काम या चार महिन्यांत उरकतात. मासे सुकवणं, मीठ, कुळीथ, मांडवाचे झाप, सरपण अशी वर्षाची बेगमी हिवाळ्यात होते. पौष शुद्ध एकादशीला पोचून पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला निघालं, तर भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, सुस्त पाण्यापासून उधाणापर्यंतचा सगळा उतारचढाव पाहायला मिळतो. म्हणून हीच तिथी धरली होती.

शुद्ध एकादशी

कोकणकन्या रात्री मुंबई सोडते आणि सकाळी कुडाळला उतरवते. तिथून मालवण साधारण 30 किलोमीटर, एसटीने तासाभराहून थोडं जास्त. मालवण स्टँडवरून देवबाग आणखी 12 किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीची वेळ जमली नाही तर रिक्षा करावी लागते. तारकर्ली मागे पडलं की जमीन अरुंद होत जाते. उजवीकडे माडांच्या फटींतून समुद्र दिसतो, डावीकडे नदी. काही ठिकाणी एका अंगणात उभं राहून दोन्ही पाणी दिसतं.

या पट्टीवर गोडं पाणी कुठून येतं, हा पहिला प्रश्न पडायला हवा. पावसाचं पाणी वाळूत मुरतं. ते खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. विहिरी याच थरात खणलेल्या असतात, म्हणून त्या उथळ ठेवतात. जोराचा पंप सलग चालवला की वरचा गोडा थर संपतो, खालचं खारं पाणी वर खेचलं जातं आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर नीट व्हायला पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते. डिसेंबर-जानेवारीत पाहुण्यांची गर्दी असते आणि पाणी याच थरातून उपसलं जातं. शॉवर असला तरी बादलीने अंघोळ करणं हा इथे साधा शेजारधर्म आहे.

अंघोळीचं पाणी बऱ्याच घरांत अजून तांब्याच्या भाणात तापतं. खाली जळण सगळं माडाचं. सुकी चुडतं, म्हणजे झावळ्या, भराभर पेटतात, पण लगेच विझतात, म्हणून ती फक्त विस्तव धरायला. मग पिडे, म्हणजे झावळ्यांचे जाड देठ, आणि शेवटी सोडणं, म्हणजे नारळाची सालं. सोडण धुमसत राहतं, त्यामुळे पहाटे घातलेल्या सोडणांवर उशिरा उठणाऱ्यालाही गरम पाणी मिळतं. मात्र सोडण ओलं असेल तर सगळी न्हाणी धुराने भरते. दिवाळीनंतर ती पडवीत रचून ठेवतात ती याचसाठी. किनाऱ्यावर थंडी तशी बेताचीच. पहाटे पारा 18-20 अंशांपर्यंत उतरतो. पण दव इतकं पडतं की रात्री अंगणात राहिलेली वस्तू सकाळी भिजलेली सापडते. इथल्या हिवाळ्याचा खरा उपद्रव गारठ्यापेक्षा दवाचाच, आणि तो पुढे जवळजवळ प्रत्येक कामात आडवा येतो.

आज पुत्रदा एकादशी. उपासामुळे मासळीला गिऱ्हाईक कमी, होड्याही बऱ्याचशा वर ओढलेल्या. असा दिवस भरतीचा हिशेब शिकायला बरा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. एकादशी म्हणजे अकरा. अकराचे पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठ आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती, त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमेनंतर वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी कधी लोटायची आणि खाडीत कधी उतरायचं एवढं ठरवायला हा हिशेब पुरतो. पाणी किती चढेल हे मात्र वेगळं: अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार थोडा, पौर्णिमा-अमावास्येला उधाण. मालवणच्या किनाऱ्यावर उधाणाचा फरकही दोनेक मीटरचा, मुंबईच्या साधारण निम्मा. तरीही सपाट वाळूवर पाणी कितीतरी आत येतं.

द्वादशी

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, पाहायची तर अंधार असतानाच किनाऱ्यावर असावं. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोच मतलई वारा. त्याने किनाऱ्याजवळचं पाणी तळ्यासारखं सपाट होतं, आणि सपाट पाण्यावर माशांचा थवा ओळखता येतो. पाण्याच्या रंगात गडद डाग, त्यावर बारीक थरथर, वर घिरट्या घालणारे पक्षी. हे वाचणारा जाणता माणूस प्रत्येक रापणीत असतो आणि जाळं कुठे टाकायचं हे त्याच्या शब्दावर ठरतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि हे वाचन संपतं.

पद्धत अशी. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतो. होडी जाळं सोडत सोडत आत जाते, अर्धवर्तुळ घेते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून ओढायला सुरुवात. एका रापणीला 40-50 माणसं सहज लागतात. ओढणारे पाठमोरे मागे चालतात. सर्वांत मागचा दोराची वेटोळी घालतो आणि पुन्हा पाण्याच्या कडेला जाऊन नव्याने दोर धरतो. असं दोन-तीन तास चालतं. जाळ्याच्या दोन्ही पंखांची आसं, म्हणजे छिद्रं, मोठी, मधल्या पिशवीची बारीक. वरच्या दोराला तरंगणारी बोंडं, खालच्या दोराला वजनं. जाळं जसं जवळ येतं तसे दोन्हीकडचे गट एकमेकांकडे सरकत येतात, म्हणजे तोंड मिटतं.

बिघडतं ते बहुतेक घाईने. जोरात ओढलं तर खालचा दोर तळापासून उचलला जातो आणि मासे त्याखालून निसटतात. एक बाजू दुसरीपेक्षा पुढे गेली की पिशवी तिरकी होते आणि मासे पंखातूनच वळून बाहेर पडतात. म्हणून मधोमध उभा असलेला माणूस हात करून कोणी थांबायचं, कोणी ओढायचं हे सांगत राहतो. पाण्याला किनाऱ्यालगत ओढ असेल तर अख्खं जाळं एका अंगाला वाहतं; तेव्हा सगळी फळी वाळूवरून त्या दिशेला चालत जाते. तळाला खडक असेल तर रापण टाकतच नाहीत, पण पावसाळ्यात वाहून आलेलं लाकूड किंवा तुटलेलं जुनं जाळं कधीकधी अडकतं आणि मग फाटलेली आसं विणण्यात दुपार जाते. जेलीफिश भरले तर पिशवी इतकी जड होते की ती पाण्यातच सोडून रिकामी करावी लागते.

पाहुण्याने हात लावायला हरकत नसते, पण आधी विचारावं. बोटातली अंगठी काढावी, ओल्या दोराने कातडी सोलते. दोन दोरांच्या मधल्या जागेत उभं राहू नये, आणि जाळ्यावर पाय देऊ नये. जाळ्यावर चप्पल घेऊन उभं राहण्यासारखा दुसरा अपमान नाही.

थंडीत किनाऱ्याला येणारे मासे म्हणजे बांगडे, तारले, पेडवे, मुडदुसे, सौंदाळे, लेप. वाटणी जागेवरच होते. होडीचा, जाळ्याचा आणि अंगमेहनतीचा वाटा वेगळा धरतात. ओढायला हात लावलेल्या शेजाऱ्याला खायपुरते मासे मिळतात. गोव्यातही हीच रापण. 1970च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ आले तेव्हा तिथल्या रापणकारांनी मोठं आंदोलन उभारलं. मालवणात आजचं भांडण पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालणारी मोठी जाळी, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीशी आहे. थवाच्या थवा बाहेरच वेढला गेला तर किनाऱ्यावर बसलेल्या पन्नास माणसांच्या जाळ्यात काय येणार? राज्याच्या 2016च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे. जानेवारीत रापणीला मासळी लागते की नाही, याकडे गाव डोळे लावून असतं त्याला हेही एक कारण आहे. इथे रापणकरांची बाजू न्याय्य आहे, असं आमचं ठाम मत आहे: बारीक मासळी वाळूवर आली तर निदान पन्नास घरांत चूल पेटते.

बांगडा विकत घेतला तर बर्फाची सोय आधी बघावी. तेलकट मासा उन्हात तास-दोन तासांत उतरतो, आणि उतरलेल्या बांगड्याने अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं. शिजवून हा दोष जात नाही. माशाच्या वजनाइतका बर्फ हे सोपं प्रमाण.

दुपारच्या तिखल्याचं माप असं: मध्यम 4 बांगडे, 10 बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद, अर्धी वाटी ओलं खोबरं, 6 सोलं (आमसुलं) आणि 8 तिरफळं. तिरफळ या मोसमात सुकंच मिळतं. त्यातलं काळं बी काढून टाकायचं, सालपट तेवढं घ्यायचं. बी राहिलं तर दाताखाली कचकचतं आणि कडवट लागतं. मिरच्या, धणे, हळद, खोबरं गुळगुळीत वाटून पाण्यात कालवायचं आणि उकळी आली की बांगडे सोडायचे. तिरफळं नुसती ठेचून शेवटी सोलांबरोबर घालायची. वाटणात घातली तर सगळ्यावर मात करतात. पळी घालून ढवळायचं नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायचं. हे सकाळी करून रात्री खाल्लं तर जास्त चांगलं.

त्रयोदशी

सकाळी वाळूवर मासे सुकवणाऱ्या बायकांची लगबग असते. कोरडा मतलई वारा आणि फार कडक नसलेलं ऊन, या दोन्हींची गाठ वर्षात याच महिन्यांत पडते. मे महिन्यात ऊन जास्त, तरी तेव्हाचा सुका मासा इतका चांगला होत नाही. फार तापलेल्या उन्हात माशाचं वरचं कातडं लगेच कडक होतं आणि आतलं पाणी आतच कोंडतं. वरून खडखडीत दिसतो, आणि पंधरा दिवसांत आतून कुजतो.

खारा बांगडा करायला ताजाच मासा लागतो. विकून उरलेला, नरम पडलेला मासा खारवला तर तो फुटतो. मासा चिरून कल्ले आणि आतडी काढायची, समुद्राच्या पाण्यात रक्त जाईपर्यंत धुवायचा. पिंपात तळाला मिठाचा थर, त्यावर माशांचा, पुन्हा मिठाचा. साधारण चार किलो माशाला एक किलो मीठ. वर फळी आणि फळीवर दगड. थोड्या वेळात माशातलं पाणी सुटून खारवणी तयार होते, आणि मासा त्यात पूर्ण बुडलेला हवा; वर राहिलेला भाग पिवळा पडतो. एक ते दोन दिवस ठेवून त्याच खारवणीत खळखळून काढायचा आणि तीन-चार दिवस सुकवायचा. मीठ जाडंच हवं. बारीक मीठ पृष्ठभागातलं पाणी एकदम ओढून वरचं मांस घट्ट करतं, आणि मग मीठ आत शिरत नाही. सुकलेल्या माशावर गुलाबी झाक आली तर ती मिठातल्या जिवाणूंची असते. तो मासा वेगळा काढावा लागतो, नाहीतर शेजारच्यांनाही लागण होते.

गोलमो, म्हणजे जवळा, आणि बारीक मासळीला मीठ लावत नाहीत. ती पातळ पसरून दिवसातून दोन-तीनदा खालीवर करायची, म्हणजे दीड-दोन दिवसांत होते. नुसत्या वाळूवर पसरलेली मासळी स्वस्तात जाते, कारण वाळू दाताखाली येते. जाळं अंथरून किंवा बांबूच्या मांडवावर सुकवलेल्या मासळीला दर मिळतो, खालूनही वारा लागतो आणि कुत्री पोचत नाहीत. कावळ्यांसाठी जुनं जाळं वरून ताणतात. सूर्य बुडायच्या आधी सगळं गोळा करून झाकलंच पाहिजे. एका रात्रीचं दव दोन दिवसांचं काम वाया घालवतं. ढग आले तर माश्या बसतात आणि अळी पडते. जानेवारीत आभाळ भरून आलं की इथे सगळ्यांच्या मानेला वर पाहायची सवय आहे.

दुपारी काम झापांचं. गळून पडलेली झावळं मधल्या दांड्यावर उभी चिरतात, खाडीच्या पाण्यात दोन-चार दिवस भिजत घालतात आणि मऊ झाली की पाती एकाआड एक विणतात. कोरड्या झावळाची पाती विणताना तडकते, फार दिवस बुडवून ठेवलेल्याची कुजते. मांडव, न्हाणी, होडीवरचं झाकण, सगळीकडे हेच झाप.

रात्री शेजारच्या गावात जत्रा होती. कार्तिकापासून या भागात एकामागून एक गावची जत्रा लागते आणि प्रत्येक जत्रेत दशावतार. देवळासमोर साधा मांडव, एक बाक, पायपेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नसते. कोणतं आख्यान करायचं आणि कोणाची कोणती भूमिका हे त्याच संध्याकाळी ठरतं, संवाद उभ्या उभ्या होतात. स्त्री-भूमिकाही पुरुषच करतात. रंगभूषा ज्याची त्याने, दिव्याजवळ आरसा टेकवून. गणपती, रिद्धी-सिद्धी, मग काळ्या वेशातला संकासुर, हा पूर्वरंग झाल्यावर आख्यानाला सुरुवात होते आणि पहाटे दहीकाल्याने संपतं. बसायला चटई आणि डोक्याला काहीतरी घेऊन जावं, उघड्यावर दव डोक्यात उतरतं. खाजं लवकर घ्यावं. मध्यरात्रीपर्यंत ते दमट हवेने मऊ पडतं आणि आल्या-गुळाचा पाक बोटांना चिकटतो.

चतुर्दशी

होडीने कर्ली ओलांडून कोरजाईच्या बाजूला उतरलं की माती बदलते. इकडे शेतं, काजू, कलमं. उधाण जवळ आल्यामुळे भरतीत नदीला जोराचा प्रवाह असतो, आणि मुखाकडे भोवरे पडतात. होडीवाला सांगेल तिथेच बसावं, आणि नदी-समुद्राच्या संगमावर पोहायला कधीही उतरू नये, पाणी कितीही निवांत दिसलं तरी.

भात काढलेल्या कोपऱ्यांत, म्हणजे लहान शेतांत, आता कुळीथ उभा आहे. तो नोव्हेंबरात, जमिनीत ओल असतानाच पेरतात. पुढे पाणी देत नाहीत; राहिलेली ओल आणि रोजचं दव यांवर तो तीन-साडेतीन महिन्यांत तयार होतो. पेरणी आठवडाभर लांबली तरी पीक अर्ध्यावर येतं, कारण ओल तोपर्यंत खाली गेलेली असते. लवकर पेरलेला या दिवसांत उपटायला येतो. उपटायचा तो पहाटे, झाड दवाने ओलं असतानाच. ऊन चढलं की शेंगा हाताच्या धक्क्यानेही तडकतात आणि दाणा मातीत जातो. पेंढ्या खळ्यात तीन-चार दिवस वाळवून झोडपतात, आणि वारवतात दुपारनंतर, खारा वारा सुटला की. पहाटेचं दव, दिवसाचं ऊन आणि दुपारचा वारा, तिन्ही कुळथाच्या कामाला येतात. पिठीसाठी दाणे आधी खमंग भाजून, भरडून, साल पाखडून मग दळतात. भाजणं कमी झालं तर पिठी कच्चट आणि चिकट होते.

जिथे ओढ्याला पाणी आहे तिथे वायंगण, म्हणजे हिवाळी भात. पाऊस संपता संपता गोणींत वाळू-माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतात, पाणी पाटाने शेतात वळवतात. खाडीलगतच्या शेताला धास्ती खारबंधाऱ्याची. खेकड्यांनी बांधाला भोकं पाडली आणि ती वेळेत बुजवली नाहीत तर उधाणाच्या रात्री खारं पाणी आत शिरतं आणि रोप पिवळं पडतं. उद्या पौर्णिमा, म्हणून आज बांधावर माती टाकणारी माणसं दिसतात ती याचसाठी.

आंब्याला मोहर आला आहे. रात्री थंड आणि दिवस कोरडे गेले तर मोहर चांगला फुटतो. पण थंडी फार लांबली तर हापूसचा घोटाळा होतो. मोहरात नर फुलांचं प्रमाण वाढून फळं कमी धरतात, आणि वाटाण्याएवढ्या कैऱ्या असलेल्या फांदीवर पुन्हा नवा मोहर येतो. तो फेरमोहर. झाडाची ताकद नव्या फुलांकडे गेली की जुनी फळं गळतात. त्यावर पहिला मोहर आल्यावर 50 पीपीएम जिब्रेलिक आम्लाची फवारणी करतात. ढगाळ हवेत तुडतुडे वाढतात, त्यांच्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. दव आणि गारठ्यात भुरी. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम. फवारणी मोहर पूर्ण उमललेला असताना करू नये, परागीभवन करणाऱ्या माश्या आणि मधमाश्या मरतात आणि फळच धरत नाही. ही चूक बागांमधून वारंवार दिसते आणि तिचं खापर हवेवर फोडलं जातं.

पौर्णिमा

आज उधाण, म्हणून शिरोड्याचं मिठागर. मालवणहून वेंगुर्ल्यामार्गे गाडीने साधारण दोन तास. भरती अकरा-साडेअकराच्या सुमारास, त्याआधी पोचावं. खाडीचं पाणी साठवणीच्या खाचरात घ्यायचं ते उधाणालाच, कारण तेव्हा ते आपोआप चढतं. उघडमीट करायचा दरवाजा तेवढा वेळेवर वर उचलायचा. एरवी पंप लावावा लागतो.

मीठ निघतं मुख्यतः उन्हाळ्यात. हिवाळ्यातली मेहनत दिसायला साधी, पण मिठाचा दर्जा तीच ठरवते. पावसाने फुटलेले बांध चिखलाने लिंपायचे आणि वाफ्यांचा तळ पायांनी तुडवायचा, पुन्हा पुन्हा, तो गुळगुळीत आणि घट्ट होईपर्यंत. तळ पोकळ राहिला तर पाणी जिरतं, आणि मीठ ओढताना फावड्याबरोबर चिखल वर येऊन ते काळं होतं.

पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात असं टप्प्याटप्प्याने पुढे जातं आणि दाट होत जातं. पाण्याचा दाटपणा बोमे अंशांत मोजतात; समुद्राचं पाणी 3 ते 3.5 अंश बोमे असतं. मीठ 25 अंशांच्या आसपास बसायला लागतं. तोपर्यंत दहातले नऊ भाग पाणी उडून गेलेलं असतं. त्याआधीच्या वाफ्यांत चुना आणि जिप्सम तळाला बसतं, म्हणून शेवटच्या वाफ्यात पाणी घाईने सोडायचं नाही. आणि 29-30 अंशांच्या पुढे गेलेलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर मॅग्नेशियमचे क्षार मिसळून मीठ कडू होतं आणि पावसाळ्यात पाणी सोडतं. हजार लिटर समुद्राच्या पाण्यात मीठ असतं 27-28 किलो. यावरून एका ढिगामागे किती पाणी आटलं याची कल्पना यावी. फेब्रुवारी-मार्चमधला एक अवकाळी पाऊस आठवड्यांचं काम धुऊन नेतो.

1930 साली याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्रातल्या त्या चळवळीचं हे एक मुख्य ठिकाण. आज इथलं जाडं मीठ मासे खारवायला, लोणच्यांना आणि माडाच्या आळ्यात घालायला जातं. परवाच्या पिंपातलं मीठ हेच.

परतताना वेंगुर्ल्याजवळचा वायंगणीचा किनारा लागतो. ऑलिव्ह रिडले कासवं या महिन्यांत रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. गावकरी ती कुंपणाच्या आत हलवतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. रात्री या किनाऱ्यावर विजेरी आणि मोबाइलचा उजेड पाडू नये; मादी अंडी न घालताच मागे फिरते.

वद्य प्रतिपदा

पाणी सर्वांत जास्त ओसरतं ते पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत. उधाणाचा जोर तिथीच्या थोडा मागून येतो. आज एकाचे पाऊणपट पाऊण, म्हणजे भरती पाऊण वाजता आणि ओहोटी सकाळी पावणेसातला. उजेडही आणि ओहोटीही, असा हा तिसऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचा, दिवस. बायका टोपल्या घेऊन सहालाच कर्लीच्या पात्रात उतरतात. गुडघाभर, कधी कमरेएवढ्या पाण्यात पायाने चाचपडत जायचं; टाचेखाली टणक लागलं की वाकून उचलायचं. पाणी पुन्हा चढायच्या आधी दीड-दोन तास मिळतात. बोटाच्या पेरापेक्षा लहान तिसरी परत टाकायची. ती दोन महिन्यांनी पुन्हा याच जागी मोठी मिळणार असते, आणि जिथे ही शिस्त सुटली तिथल्या खाडीत आता नुसती शिंपलं मिळतात. कालवं खडकाला चिकटलेली असतात, ती टोकदार लोखंडाने फोडून आतला गर काढतात. पायात जाड चप्पल हवी, कालवांची धार पात्यासारखी आणि तिची जखम लवकर पिकते.

तिसऱ्या घरी आणून खाडीच्याच पाण्यात तीन-चार तास ठेवल्या की वाळू सोडतात. गोड्या पाण्यात ठेवल्या तर लगेच मिटतात आणि वाळू आतच राहते. उघडी राहिलेली, टिचकी मारूनही न मिटणारी शिंपली टाकून द्यावी. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, उघडून मांसाची बाजू ठेवायची, दुसरी टाकायची. सुटणारं पाणी गाळून कालवणात घ्यावं. ते खारट असतं, म्हणून मीठ शेवटी चाखूनच.

दुपारी कुडाळला जाणारी एसटी पकडायची तर मालवणच्या बाजारात तासभर हाताशी ठेवावा. खारा बांगडा घेताना वाकवून पाहावा: नीट सुकलेला वाकत नाही, कडकन मोडतो, मधोमध लवला तर आत ओल आहे. पोटाच्या बाजूला बोट दाबून खूण राहते का पाहावं. गोलमो मुठीत दाबून सोडावा, तो सुटा व्हायला हवा, आणि वास समुद्राचा यावा, कुबट नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गाडीत ठेवलं तर रात्रभरात घाम सुटतो. वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत भरावं, घरी गेल्यावर दोन तास उन्हात टाकावं आणि मगच झाकणाच्या डब्यात. पावसाळ्याआधी मेच्या शेवटी पुन्हा एकदा ऊन दाखवलं की गणपतीपर्यंत पुरतं.